फिल्मेशन : चित्रं परदेशी न धाडणारा कार्टूनचा कारखाना

गिरणाकाठ

मागच्या महिन्यात नववीची एक मुलगी तास संपल्यावर वर्गात थांबली. हातात गणिताची वही. वहीच्या कोपऱ्यात तिनं पानागणिक एक बोकड काढला होता. अंगठ्यानं पानं सोडत गेलं की बोकड उडी मारून काट्यांचं कुंपण ओलांडायचा. चाळीसेक पानं असतील. वही परत घेताना तिनं विचारलं, "सर, हे काम करायचं तर पुण्यालाच जावं लागतं का? इथं राहून नाही का करता येणार?"

मी तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुलं बसवतो. हात चांगला असलेलं पोर दिसलं की त्याला घडवायचं आणि पुण्यामुंबईच्या गाडीत बसवून द्यायचं, हेच आजवर केलं. तिला काय सांगावं ते सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र एक जुनं नाव आठवलं आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. म्हणून हा धागा.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी गार्डकाकांकडे टीव्ही होता. दूरदर्शनवर ही-मॅन या तलवारवाल्या बलदंड नायकाचं कार्टून लागायचं तेव्हा आम्ही पंधरा-वीस पोरं त्यांच्या फरशीवर दाटीवाटीनं बसायचो. ते कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव फिल्मेशन. अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या बाजूला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला आणि १९८९ मध्ये बंद पडला.

सुरुवात करणारे दोघे, लू शायमर आणि हॅल सदरलंड. आधी दोघं लॅरी हार्मनच्या स्टुडिओत नोकरीला होते. तिथलं काम आटलं तेव्हा त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. फिल्म आणि ॲनिमेशन या दोन शब्दांची गाठ मारून नाव ठेवलं. थोड्याच दिवसांत नॉर्म प्रेस्कॉट येऊन मिळाला. तो मूळचा रेडिओवरचा निवेदक, त्यामुळे लोकांशी बोलणं, पैसा उभा करणं त्याच्याकडे. तिघांनी मोठ्या उत्साहानं 'जर्नी बॅक टू ओझ' हा लांबीचा चित्रपट हाती घेतला, पण पैसे संपत राहिले आणि १९६२ मध्ये सुरू झालेलं ते काम अमेरिकेतल्या थिएटरात पोचायला १९७४ उजाडलं. मधल्या काळात पोट भरायला जाहिराती आणि किरकोळ कामं.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग सुपरमॅनचा. सुपरमॅनचे हक्क ज्या कंपनीकडे होते, तिचा माणूस स्टुडिओ बघून जाणार होता. स्टुडिओत टेबलं पुष्कळ, माणसं मोजून दोन-तीन. शायमरनी मित्र, ओळखीपाळखीचे सगळे बोलावून घेतले, प्रत्येकाला एकेका टेबलाशी बसवलं, हातात पेन्सिली दिल्या. पाहुणा फिरून गेला आणि काम मिळालं! सप्टेंबर १९६६ मध्ये सुपरमॅन सीबीएस या वाहिनीवर शनिवारी सकाळी सुरू झाला आणि स्टुडिओ उभा राहिला. मग ॲक्वामॅन, १९६८ मध्ये आर्ची, १९७२ मध्ये फॅट अल्बर्ट, १९७३ मध्ये स्टार ट्रेक या अंतराळावरच्या मालिकेचं कार्टून रूप. शायमर आणि प्रेस्कॉट दोघं निर्माते. कुणाचं नाव आधी घ्यायचं हा वाद टाळायला त्यांनी दोन्ही नावं पडद्यावर गोल फिरवली, चाकासारखी. वर कोण, खाली कोण, बघणाऱ्यानं ठरवावं.

आता मुद्द्याची गोष्ट. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेतले बाकीचे टीव्ही कार्टूनवाले स्वस्तात पडतं म्हणून चित्रं काढायचं काम जपान, तैवान, कोरिया असं बाहेर पाठवू लागले. गोष्ट अमेरिकेत लिहायची, पात्रं तिथं ठरवायची, आणि हजारो चित्रं काढायची ती समुद्रापलीकडे. शायमर मात्र अडून बसले. लिहिणं, पार्श्वभूमी रंगवणं, चित्रं काढणं, शाई, रंग, कॅमेरा, सगळं एकाच छपराखाली आणि आपल्याच गावच्या माणसांकडून.

त्या मुलीच्या प्रश्नाला मला सापडलेलं हे पहिलं उत्तर आहे. तुमच्या आठवणी, माहिती, चुकांची दुरुस्ती, सगळं येऊ द्या.

पऱ्हाटीची तलवार

सर, हाई तं मन्हा मननी गोट शे!

आम्ही यावल तालुक्यातले. गावात दोनच टीव्ही. बोललेलं फार थोडं कळायचं, पण तलवार उंच करून "आय हॅव द पॉवर" एवढं पाठ. शेतातल्या पऱ्हाटीची सरळ काडी बघून ठेवायची आणि कार्यक्रम संपला की उकिरड्यावर चढून ओरडायचं. सुती रुमाल पाठीला बांधायचा. माझा लहान भाऊ मांजरीला ही-मॅनचा वाघ करायला गेला आणि हातभर ओरबाडून घेतलं.

एक विचारायचं होतं. कार्टून संपल्यावर कुणीतरी समोर येऊन काहीतरी समजावून सांगायचं. ते काय होतं? आम्ही ते न कळताही गप्प बसून ऐकायचो.

गिरणाकाठ

दादा, ती त्या भागातली शिकवण. कुणाला चिडवू नये, खोटं बोलू नये, औषधं खेळायला घेऊ नयेत, असं. ही सवय फॅट अल्बर्टपासूनची. त्या मालिकेच्या वेळी शायमरनी मुलांच्या शिक्षणातल्या जाणकारांना बरोबर घेतलं. ही-मॅनला स्टॅनफर्ड विद्यापीठातले डॉ. डोनाल्ड रॉबर्ट्स सल्लागार होते. ही-मॅनच्या हातात एवढी मोठी तलवार, पण ती तो कुणाच्या अंगावर चालवत नाही, हे आठवतं का? शत्रूला उचलून चिखलात टाकायचा, भिंत पाडायचा, दगड अडवायचा. मुलं बघतात तर एवढं पाळायचंच, असं ठरलेलं होतं.

वाघूर

धागा छान आहे, पण थोडं उलट बोलतो. मी आता मुलाला यूट्यूबवर ते जुने भाग दाखवले. त्यानं दहा मिनिटांत पकडलं : "बाबा, हा मघाशी पण असाच पळाला होता." खरंच तसं आहे. तोच पळण्याचा तुकडा, तीच उडी, तोच ठोसा कॅमेऱ्याकडे, तोच चेहरा हसताना. दोन माणसं बोलतात तेव्हा फक्त ओठ हलतात, बाकी अंग पुतळ्यासारखं. लहानपणी कळलं नाही, आता डोळ्यात खुपतं. ॲनिमेशनचा अभ्यास करणारे लोक फिल्मेशनचं नाव घेऊन नाक मुरडतात ते काही उगाच नाही. गावच्या माणसांना काम दिलं हे चांगलंच, पण काम चांगलं झालं का, हे नको बघायला?

गिरणाकाठ

वाघूर, तुमच्या मुलाची नजर तयार आहे. त्यानं बरोबर पकडलं. मी ते नाकारत नाही. पण त्यामागचा हिशेब मांडतो, कारण मलाही तो मांडल्याशिवाय कळला नव्हता.

फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते. एक भाग साधारण २२ मिनिटांचा. म्हणजे १,३२० सेकंद, म्हणजे ३१,६८० चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी एका पात्रासाठी १५,८४० चित्रं लागतात. एका भागाला. आणि ही-मॅनचे भाग करायचे होते ६५, तेही एका मोसमासाठी. गुणाकार करा, दहा लाखांच्या वर जातो.

६५ का, तर आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे. तोवर अमेरिकेत कार्टून म्हणजे शनिवार सकाळ, आणि मोसमाला तेरा-सोळा भाग. ही-मॅन मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवरून आलेला, मोठ्या वाहिन्यांवर त्याला जागा मिळत नव्हती. तेव्हा ग्रुप डब्ल्यू या कंपनीनं तो गावोगावच्या सुट्या टीव्ही केंद्रांना थेट दिला, सप्टेंबर १९८३ पासून, रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला. दोन मोसम, एकूण १३० भाग. एवढं काम घरातल्या घरात उतरवायचं तर प्रत्येक चालणं नव्यानं काढणं शक्यच नव्हतं.

म्हणून त्यांनी साठा केला. आधी खऱ्या माणसाला पळवून, उड्या मारायला लावून त्याची फिल्म घेतली, त्यावरून चित्रं गिरवली. पळणं, वळणं, उचलणं, पडणं. ती चित्रं इतकी जीव ओतून केलेली की त्यातला स्नायू न् स्नायू खरा वाटतो. मग ते तुकडे कपाटात क्रमांक घालून ठेवले आणि लागतील तिथे नव्या पार्श्वभूमीवर चढवले. आपल्याकडे बायका उन्हाळ्यात पापड-कुरडया करून ठेवतात आणि वर्षभर तळतात, तसं. एकदा मेहनत, मग पुरवून पुरवून.

यात एक बारकावा फार सुंदर आहे. ही-मॅनमधला तो तरंगणारा छोटा जादूगार, ऑर्को. त्याचं नाव आधी गॉर्पो ठरलं होतं. त्याच्या झग्यावर छातीशी नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर असतं. गॉर्पोचा 'जी' असता तर चित्र उलटं करून, म्हणजे डावीकडे जाणारा ऑर्को उजवीकडे जाताना दाखवला की अक्षरही उलटं झालं असतं. 'ओ' मात्र कुठूनही बघा, 'ओ'च. म्हणून नावच बदललं. एका अक्षरानं निम्मी चित्रं वाचली. आणि ऑर्कोला आवाज कुणाचा, तर खुद्द शायमर यांचा, दुसऱ्या नावानं. तोही खर्च वाचवला.

चित्रं तीच तीच दिसतात ते यासाठी. हालचाल कमी केली, पण माणसं कमी केली नाहीत. मला तरी हा सौदा पटतो.

लाईटबॉक्स

बरेच वर्षं नुसता वाचक आहे, आज लिहितो. मी धुळ्याचा. मुंबईत एका स्टुडिओत सहा वर्षं इन-बिटवीनर होतो. नाव सांगत नाही.

आमच्याकडे काम कसं यायचं ते सांगतो. परदेशातून खोके यायचे. त्यात मुख्य चित्रं, म्हणजे हात खाली असतानाचं एक आणि हात वर असतानाचं एक. मधली पाच-सहा आम्ही काढायची. सोबत एक्स-शीट, तिच्यावर कुठलं चित्र किती चौकटी टिकेल ते लिहिलेलं. खाली लाईट असलेलं काचेचं टेबल, वर तीन खुंट्यांची पट्टी, कागदाला तीन भोकं. चार-पाच कागद एकावर एक ठेवून बोटांत धरून फडफडवायचे आणि हालचाल नीट जाते का बघायचं. पैसे फुटावर, म्हणजे फिल्मच्या लांबीवर. चुकलं तर दुरुस्ती फुकट.

तुम्ही ज्या "बाहेर पाठवलेल्या" कामाबद्दल लिहिलंय ना सर, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी बसलो होतो. त्यांच्याकडून सुटलेलं काम म्हणजे माझी भाकरी होती. म्हणून मला शायमर यांच्याबद्दल वाचताना जरा अवघडल्यासारखंही झालं. त्यांच्यासारखे सगळे अडून बसते तर मी पेन्सिल कशाला धरली असती? पण एक सांगतो. सहा वर्षांत मी एकही पात्र माझ्या मनानं काढलं नाही. ज्या मालिकेत माझी हजारो चित्रं आहेत, तिची गोष्ट काय होती ते मला माहीत नाही. मला फक्त माझ्या वाट्याचे तुकडे माहीत. फिल्मेशनमध्ये निदान लिहिणारा आणि चित्रं काढणारा एका कॅन्टीनमध्ये जेवत होते.

साठ्यातल्या चित्रांबद्दल : वाघूरभाऊ, ते वाटतं तितकं सोपं नाही. जुनं पळणं नव्या जागी लावताना पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात, पार्श्वभूमीचा वेग जुळवावा लागतो, उजेड कुठून येतो ते बघावं लागतं. त्यांची पार्श्वभूमी बघा तुम्ही एकदा, पात्रं सोडून. जांभळ्या आभाळाखालचे ते कडे, ती वाकडी झाडं. आम्ही ती चित्रं थांबवून थांबवून बघायचो.

एका महिनाअखेरीला आम्ही गेलो तर दाराला कुलूप. वॉचमननं सांगितलं, सामान उद्या मिळेल. दोन महिन्यांचे पैसे आजतागायत आले नाहीत. आता धुळ्यात लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करतो. लाईटबॉक्स अजून आहे, माळ्यावर.

वाघूर

लाईटबॉक्स, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. पार्श्वभूमी बघितली पुन्हा. तुमचं म्हणणं खरं आहे.

तोरणमाळ

एक दुरुस्ती. "सगळंच घरात" असं नाही. १९८१ ची झोरोची मालिका त्यांनी जपानच्या टोकियो मूव्ही शिन्शाकडून ॲनिमेट करून घेतली होती. ती एकच, पण होती.

आणि दुसरं : फिल्मेशनला स्वतंत्र म्हणायचं का? १९६९ मध्येच टेलिप्रॉम्प्टर कंपनीनं तो विकत घेतला होता. पुढे टेलिप्रॉम्प्टर वेस्टिंगहाउस या मोठ्या कंपनीकडे गेली, म्हणजे फिल्मेशनही गेला. ग्रुप डब्ल्यू ही वेस्टिंगहाउसचीच. मग मालक दुसराच की.

गिरणाकाठ

झोरोबद्दल धन्यवाद, मला ते माहीत नव्हतं.

स्वतंत्र या शब्दावर मीही अडलो होतो. मालकी बघितली तर तुमचं बरोबर. हॉलिवूडच्या मोठ्या फिल्म कंपन्यांपैकी कुणाचा तो भाग नव्हता, एवढ्या अर्थानं त्याला स्वतंत्र म्हणतात. पण मला वाटतं खरं माप दुसरं आहे. काम कुठे करायचं आणि कुणाकडून करून घ्यायचं, हे कोण ठरवत होतं? ते अखेरपर्यंत शायमर ठरवत होते. १९८२ मध्ये तिथल्या ॲनिमेशन कामगारांच्या युनियननं बाहेर जाणाऱ्या कामाविरुद्ध दहा आठवडे संप केला आणि तो हरला. त्यानंतर बाकीच्यांचं काम आणखी जोरात बाहेर गेलं. फिल्मेशनला ही-मॅन मिळाला तो त्याच सुमारास, आणि त्यांनी माणसं वाढवली. एवढं करायला मिळतंय तोवर मी त्याला स्वतंत्र म्हणेन.

आपल्याकडे शेत बटाईनं करणारा माणूस असतो. जमीन दुसऱ्याची, पण कपाशी लावायची की ज्वारी, हे तो ठरवत असेल तर शिवारात मान त्याला असते. मालकानं एक दिवस जमीन विकली की मात्र तो उघड्यावर. फिल्मेशनचं शेवटी तेच झालं.

केळीचं पान

ते शेवटाचं सांगा ना सर. बंद कसा पडला? एवढी चलती होती तर.

(आमच्याकडे सावद्याला परवा शेतात भरीत-पार्टी झाली. कळण्याच्या पुऱ्या खाता खाता मी हा धागा सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या चुलतभावांनी पंचेचाळिशीच्या वयात शेतात ही-मॅनची आरोळी ठोकली.)

गिरणाकाठ

ताई, वाचून फार बरं वाटलं.

ही-मॅननंतर १९८५ मध्ये शी-रा आली, त्याच्या बहिणीची मालिका, ९३ भाग. मुलींसाठी तलवारवाली नायिका, हे तेव्हा नवीन होतं. पण ही-मॅन चालला म्हटल्यावर खेळण्यांवरून कार्टून काढायची रांगच लागली, आणि ती बहुतेक बाहेर चित्रं काढून घेणारी, त्यामुळे दिसायलाही चकचकीत. फिल्मेशनची १९८७ मधली ब्रेव्हस्टार ही मालिका ६५ भागांची. तिचा नायक अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाचा, असा नायक तेव्हाच्या कार्टूनात विरळाच. चित्रंही आधीपेक्षा सुधारलेली. ती त्यांची शेवटची पूर्ण मालिका ठरली.

१९८९ च्या सुरुवातीला वेस्टिंगहाउसनं फिल्मेशन विकला. घेणारी पॅराव्हिजन, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या लॉरेआलच्या पुढाकाराची गुंतवणूक कंपनी. त्यांना हवा होता तो जुन्या मालिकांचा साठा. शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८९. त्या दिवशी स्टुडिओ बंद झाला, सगळी माणसं घरी. अमेरिकेत मोठी आस्थापना बंद करताना कामगारांना साठ दिवस आधी नोटीस देण्याचा कायदा ४ फेब्रुवारीपासून लागू होणार होता. एक दिवस आधी!

लाईटबॉक्स, तुमचं कुलूप वाचलं तेव्हा मला ही तारीख आठवली.

शायमर पुढे २०१३ पर्यंत जगले. फिल्मेशनमधून बाहेर पडलेल्या पोरांनी नंतर काय केलं ते बघा. ब्रूस टिम तिथं लेआउट, म्हणजे दृश्यांची मांडणी करायचा, पॉल डिनी तिथं लिहायचा. १९९२ मधल्या बॅटमॅनच्या मालिकेत हे दोघं बिनीचे होते. बॅबिलॉन ५ या टीव्ही मालिकेचा कर्ता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की ही-मॅन आणि शी-राचे भाग लिहायचा. घरात काम ठेवलं म्हणून घरात शिकणारेही तयार झाले. काम बाहेर जातं तेव्हा शिकणंही बाहेर जातं, हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

स्टार ट्रेकची एक गोष्ट राहिली. मूळ मालिकेतल्या सगळ्या नटांना घ्यायला पैसे नव्हते म्हणून निशेल निकल्स आणि जॉर्ज टाकेई यांना वगळायचं ठरत होतं. स्पॉकचं काम करणारा लेनर्ड निमॉय म्हणाला, ते दोघं नसतील तर मीही नाही. एक कृष्णवर्णीय बाई, एक जपानी वंशाचा माणूस, आणि नेमके तेच वगळायचे हे त्याला पटलं नाही. दोघांना घेतलं. २२ भाग झाले आणि १९७५ मध्ये त्या मालिकेला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला.

सूतगिरणी

परदेशाचं झालं, आपल्याकडचंही थोडं लिहितो. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. तिथं शिकलेले राम मोहन यांनी १९७२ मध्ये राम मोहन बायोग्राफिक्स हा स्वतःचा स्टुडिओ काढला. जाहिराती, लघुपट, चित्रपटांतले तुकडे करून त्यांनी तो चालवला. जपानबरोबरच्या रामायणावरच्या ॲनिमेशनपटात त्यांचा मोठा वाटा. २०१४ मध्ये पद्मश्री. २०१९ मध्ये गेले. आज ॲनिमेशनमध्ये वरच्या जागी असलेल्या कितीतरी लोकांनी त्यांच्या हाताखाली पेन्सिल धरली.

आणि 'एक अनेक और एकता' कोण विसरेल? १९७४. विजया मुळे यांची फिल्म, ॲनिमेशन भीमसैन यांचं. अमळनेरला आमच्या शाळेत बाईंनी ते गाणं बसवून घेतलं होतं. हालचाल तिच्यातही मोजकीच आहे. पण चिमण्या जाळं घेऊन उडतात ना, तिथं अंगावर काटा येतो.

पऱ्हाटीची तलवार

माले बी आठवस! "हिंद देश के निवासी..."

तोरणमाळ

खान्देशात राहून असं काम झालंच नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून एक नाव. केकी मूस. चाळीसगाव. जन्म १९१२, लंडनला शिकून आले आणि चाळीसगावच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं राहिले, घराबाहेर क्वचितच पडले. त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं बघितली आहेत का? टेबलावर कापूस, काड्या, माती, खेळणी मांडून, उजेड साधून अख्खं बर्फाळ गाव उभं करायचे. बघणाऱ्याला खरी दरी वाटते. कॅमेऱ्याचं बटण एकदाच दाबायचे इतकंच, नाहीतर काड्या सरकवून चौकट-चौकट घेतली असती तर ॲनिमेशनच झालं असतं. ३१ डिसेंबर १९८९ ला गेले. फिल्मेशन बंद पडला तेच साल.

सर, तुमच्या त्या मुलीला एकदा चाळीसगावला घेऊन जा.

गिरणाकाठ

नेलं! मागच्या रविवारी ती, तिचे वडील आणि मी. मूस यांच्या घरातली छायाचित्रं बघताना ती बराच वेळ काही बोललीच नाही. येताना गाडीत म्हणाली, "सर, तो कापूस आपल्याच शेतातला असेल ना?"

लाईटबॉक्स

सर, त्या पोरीला पट्टी नसेल. तीन खुंट्यांची पट्टी महाग पडते. ऑफिसचं दोन भोकांचं पंच घ्या, आणि फाइलची पत्र्याची क्लिप लाकडी फळीवर चिकटवा. कागद हलत नाही. लाईटबॉक्स म्हणजे खोक्यावर काच आणि आत एलईडी पट्टी. मोबाइल उलटा बांधून वरून फोटो काढायचे. जोडायला ओपनटूंझ हे सॉफ्टवेअर घ्या, २०१६ पासून फुकट आहे, मोठे स्टुडिओ वापरतात त्यातलं. रंगवायला क्रिटा, तेही फुकट. सुरुवात चालण्यानं करा. एक पाऊल सहा चित्रांचं, दोन पावलं बारा. दोन-दोन चौकटी टिकवली की बरोबर एक सेकंद.

मी माळ्यावरून माझा लाईटबॉक्स काढलाय. पुसून ठेवलाय. ट्यूब गेली आहे, बाकी शाबूत.

गिरणाकाठ

पट्टी केली, तुम्ही सांगितली तशीच. आणि तिनं बारा चित्रांचं चालणं काढलंसुद्धा. डोक्यावर हंडा घेतलेली तिची आजी. हंडा हलत नाही, खालचं सगळं अंग हलतं. मी एवढी वर्षं बायका हंडे नेताना बघतोय, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पण अडली एका ठिकाणी. नेतानाचं चालणं तेच उलटं करून परत येतानाचं करायचं होतं, ऑर्कोसारखं. उलटं केलं की पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो. तिला ते खटकलं. मी म्हटलं, बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. ती म्हणाली, "आजीच्या येईल."

कुणाला काही सुचतंय का?

केळीचं पान

पदर कमरेला खोचला तर?

लाईटबॉक्स

खोचलेलं टोकही एकाच बाजूला येतं ताई. समोरून चालताना दाखवलं तर चालेल, पण ते काढायला अवघड. बारा चित्रं नव्यानं काढावी लागतील.

गिरणाकाठ

तिनंच सोडवलं. आज सकाळी वही घेऊन आली. आजीनं पदर डोक्यावरून घेतलाय, वर चुंबळ, चुंबळीवर हंडा. पदर दोन्ही खांद्यांवर सारखा उतरतो. उलटं करा, सुलटं करा, आजी तीच. म्हणाली, "सर, आजी तशीही डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय पाण्याला जात नाही. माझंच चुकलं होतं."

लाईटबॉक्स, धुळ्याहून इकडे यायला पहिली एसटी किती वाजता आहे? रविवारी जमेल का? जेवण आमच्याकडे.

लाईटबॉक्स

येतो सर. ट्यूब बदलून लाईटबॉक्स सोबत आणतो. तो तिच्याकडेच राहू दे.